मिटलेल्या कर्जाचे पेढे

माझं नाव खराब आहे, हे मला बँकेतल्या एका मुलीने सांगितलं. एसीत बसवून, पाण्याचा ग्लास पुढे करून, अगदी गोड आवाजात. "काकू, तुमचा स्कोअर फार लो आहे. लोन नाही होणार."

मी म्हटलं, "कसला स्कोअर? मी कुठे खेळायला गेलेले?"

ती हसली नाही. बिचारीला दिवसभरात माझ्यासारखे दहा जण भेटत असतील. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर माझं पूर्ण नाव, त्याखाली एक आकडा, आणि आकड्याभोवती लाल कमान. मी चष्मा लावून बघितलं. आयुष्यात कधी कुणाचा चहाचा पैसा ठेवला नाही मी. दूधवाला, पेपरवाला, वाणी, सगळ्यांचं महिन्याच्या महिन्याला. आणि लाल कमान माझ्या नावाला!

तर आधी मी बँकेत कशाला गेलेले ते सांगते. मी डोंबिवलीची. एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते, रिटायर झाले. घरी बसून भिंतींशी बोलायला लागले तेव्हा मुलगा म्हणाला, आई, काहीतरी कर. म्हणून मी ठाकुर्लीला एका कांडप केंद्रात जाऊन बसायला लागले. कांडप केंद्र म्हणजे मसाला कुटायचा डंख हो. लोखंडी मुसळं वरखाली आपटत राहतात, खाली मिरची. बायका उन्हात वाळवलेली मिरची, भाजलेले धणे, दगडफूल, नागकेशर असं सगळं पिशव्यांतून घेऊन येतात आणि तासाभराने वर्षाचा मसाला घेऊन जातात. केंद्राच्या मालकीणबाईंना सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणते. मी तिथे वजन करायचे, मसाला चाळायचे, आणि कुठल्या बाईच्या मिरचीत ओल राहिली आहे ते नाकाने ओळखायचे. हे काम मला इतकं आवडलं की वाटलं, कंपनीत उगाच एवढी वर्षं घालवली.

आक्कांचे गुडघे गेले. नवरात्र झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी आता शिमग्याला गावी जाते ती परत येत नाही. डंख विकायचाय. तुला घ्यायचा असेल तर शिमग्याची पालखी निघायच्या आधी सांग. नाहीतर माजिवड्याचा एक जण मागतोय, तो मशीन काढून नेईल आणि गाळ्यात मोबाइलचं दुकान टाकेल."

मोबाइलचं दुकान! जिथे एवढी वर्षं चैत्रात बायका रांग लावून शिंकतायत, तिथे! मी दुसऱ्याच दिवशी बँकेत गेले. आणि तिथे ती लाल कमान.

मुलीने बोट ठेवून दाखवलं. "हे बघा काकू. एक टेम्पो लोन आहे. तुम्ही गॅरंटर."

टेम्पो म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझे धाकटे दीर. कल्याणला राहतात. मंडपवाल्यांचा आणि कॅटरिंगवाल्यांचा माल वाहायला त्यांनी टेम्पो घेतला, तेव्हा जामीन हवा होता. पगाराची पावती असलेलं घरात मीच एक माणूस. आमच्याकडे जामीन म्हणजे काय, तर सणाला एकमेकांकडे फराळाचं ताट पाठवतो ना, तसंच. आज तू माझ्यासाठी, उद्या मी तुझ्यासाठी. नाही म्हणायची सोयच नसते. माझे मिस्टर तेव्हा होते. ते बाहेर दिरांशी गप्पा मारत होते, मी गॅसवर चहा टाकला होता, आणि कागद आत आला. मी फ्रिजच्या दारावर कागद धरून सही केली, कारण चहा उतू जात होता. चहा वाचला.

मग लॉकडाउन आला. लग्नं बंद, मंडप बंद, टेम्पो उभा. दिरांचे हप्ते थकले. त्यांच्याकडे वसुलीवाले येत होते, ते आम्हाला कुणी सांगितलंही नाही. एक दिवस दीर स्वतः डोंबिवलीला आले, हातात पेढ्यांचा बॉक्स. "वहिनी, कर्ज मिटलं! कंपनीनेच फोन केला. म्हणाले, एवढे एवढे एकरकमी भरा, बाकीचे सोडून देतो. भरले आणि सुटलो!" आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी देवापुढे एक ठेवला. मिस्टर तर म्हणाले, बघ, जगात चांगली माणसं आहेत अजून.

आता ती मुलगी मला सांगत होती की मिटलं वगैरे काही नाही. रिपोर्टमध्ये त्या कर्जापुढे लिहिलं होतं 'सेटल्ड'. "म्हणजे पूर्ण फेडलेलं नाही. तडजोड केली. बँकांना हे दिसलं की त्या मागे सरतात. पूर्ण फेडलं असतं तर 'क्लोज्ड' आलं असतं."

"आणि हे जामिनालाही लागतं?"

"लागतं ना काकू. सही तुमची आहे."

मी विचारलं, आता काय करायचं? तेव्हा ती जरा पुढे झुकली आणि आवाज कमी करून म्हणाली, "उरलेले पैसे त्यांना भरायचे, नो ड्यूजचं लेटर घ्यायचं, आणि एंट्री बदलून घ्यायची. पण खरं सांगू? कोणी करत नाही. लोक वाट बघतात. काही वर्षांनी जुनं आपोआप निघून जातं."

काही वर्षांनी! मी साठी ओलांडलेली बाई. माझं नाव धुऊन निघायची वाट बघत मी खुर्चीत बसून राहू? आणि शिमगा काही माझ्यासाठी थांबणार होता?

मुलाला फोन केला. तो पुण्याला असतो. तो लगेच म्हणाला, "आई, एवढंच ना? माझ्या नावावर घेऊ. माझा स्कोअर मस्त आहे. डंख चालव तू, नाव कुणाचं का असेना."

चांगला मुलगा आहे, त्याला काही बोलायचं नाही. पण मी म्हटलं, "अरे, आधी मी अमक्याची मुलगी, मग अमक्याची बायको, आता तुझी आई म्हणून डंख घेऊ? माझं नाव काय फक्त खराब व्हायलाच उपयोगी पडायचं का?"

तो म्हणाला, "बरं, चिडू नकोस."

"मी चिडलेली नाही," मी म्हटलं. चिडलेलेच होते.

कल्याणला स्टेशनजवळ एक बोर्ड बघितलेला, 'स्कोअर सुधारून मिळेल'. तिथेही जाऊन आले. एका टेबलामागे गळ्यात चेन घातलेला माणूस. म्हणाला, "मावशी, टेन्शनच घेऊ नका. निगेटिव्ह एंट्री उडवून टाकू."

"कशी उडवणार?"

"ते आमच्यावर सोडा."

"अहो, एकदा दुसऱ्यावर सोडलं म्हणून तर तुमच्या दारात आले," मी म्हटलं आणि उठले. तो मागून ओरडला, फी कमी करतो, मावशी! मी वळूनही बघितलं नाही. फी कमी करणारा एक आधीच भेटलेला होता आम्हाला.

तशीच दिरांच्या घरी गेले. वाटेत मिठाईच्या दुकानातून पेढ्यांचा बॉक्स घेतला. दीर टीव्ही बघत होते. बॉक्स त्यांच्या मांडीवर ठेवला.

"काय वहिनी, कसले पेढे?"

"परत करायला आलेय, भाऊजी. तुम्ही दिलेले ते. तेव्हा खायला नको होते."

सगळं सांगितलं. भाऊजी वाईट माणूस नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते, कारण हे लिहिलेलं तेही वाचणार आहेत. पण त्यांना पटेना. "वहिनी, त्यांनीच सोडले हो! माझ्याकडे त्यांचं पत्र आहे. सोडलेले पैसे परत कोण भरतं? तुम्ही उद्या वाण्याला सांगाल, मागच्या दिवाळीला सूट दिलीत ती परत घ्या!"

"वाणी माझ्या नावापुढे लाल रंग लावत नाही."

"लॉकडाउन होतं. मी काय पळून गेलेलो?"

"नाही गेलात. तेव्हा नव्हते पैसे, मला माहितीये. आता टेम्पो चालतोय ना? लग्नं तर काय, आषाढ सोडला तर रोज आहेत."

"माझापण स्कोअर खराबच असेल, मी काय मरतोय का?"

"तुम्हाला डंख घ्यायचा नाहीये," मी म्हटलं.

जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एका शाळेत मदतनीस आहेत, बोलायला कमी. नवऱ्यासमोर तर अजून कमी. मी निघाले तेव्हा त्या जिन्यापर्यंत आल्या, एवढंच.

आमच्या घरचा मसाला दरवर्षी मीच करते, सगळ्यांचा. मोठ्या बरणीत माझ्याकडे असतो आणि जाऊबाई दोन-तीन महिन्यांनी येऊन बाटली भरून नेतात. दिवाळीनंतर त्या आल्या, बाटली टेबलावर ठेवली. मी बरणीचं झाकण उघडलं. त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे ताई. यंदा रिकामीच नेते."

"अगं, तुझ्यावर कुठे राग आहे माझा?"

"माहितीये हो. पण घरात जेवतं कोण? त्यांना कळू दे ना जरा."

आणि खरंच रिकामी बाटली पिशवीत घालून गेल्या. मी दारात उभी राहून हसतेय, शेजारीण विचारते काय झालं, तिला काय सांगू?

आठवडा झाला असेल नसेल, भाऊजींचा फोन. "वहिनी, बोंबलाच्या कालवणाला चवच नाही हो. ही दुकानातून पुडी आणते. विचारलं तर म्हणते, मसाला संपला."

"संपला नाही, भाऊजी. सेटल झाला. मागच्या खेपेला दिला तो दिला, बाकीचा माफ करून टाका."

पलीकडे मागून जाऊबाईंचं खुदकन हसणं ऐकू आलं. नवऱ्याच्या फोनवर! तेव्हाच मला कळलं की आपण जिंकलो.

"किती भरायचे आहेत?" भाऊजींनी विचारलं. तेही थोडे आत्ता, थोडे मार्चमध्ये असं चालेल का, म्हणून. मी म्हटलं, अजिबात नाही. पुन्हा तडजोड नको. कमी पडतील ते मी घालते, मला सावकाश द्या, पण त्यांच्या टेबलावर एकदम जाऊ देत.

त्या फायनान्स कंपनीचं ऑफिस आता ठाण्याला, माजिवड्याच्या पुढे गेलेलं. आम्ही दोघं गेलो. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, जसं काही मुलगी बघायला चाललोय. काउंटरवरच्या पोराने नंबर टाकला, बघितलं आणि म्हणाला, "हे अकाउंट क्लोज आहे. काही ड्यू नाही."

"मग बाळा, रिपोर्टमध्ये सेटल्ड का आहे?"

"कारण सेटल झालं."

"तेच. तुम्ही सोडलेले पैसे आम्ही भरायला आलोय."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग भाऊजींकडे बघितलं, की ही बाई बरी आहे ना. "मॅडम, सिस्टिममध्ये खातंच चालू नाही. पैसे घेणार कुठे?"

भाऊजींना एवढा आनंद झाला! "बघा वहिनी! त्यांनाच नकोत! चला, माजिवड्याला मिसळ खाऊ."

"तुम्ही खाऊन या. मी बसते."

आणि मी बसले. खुर्ची चांगली होती, पंखा होता. कंपनीत पॅकिंगला उभं राहून वर्षं काढली, तिथे बसायला काय जातंय? डब्यातली पोळी-भाजी काढून खाल्ली. बाजूला बसलेला एक जण हप्ता कमी करा म्हणून विनवत होता. पलीकडची बाई व्याज माफ करा म्हणून रडकुंडीला आलेली. आणि मी मधे, पैसे घ्या म्हणून हटून बसलेली. भाऊजी मिसळ खाऊन आले तरी मी तिथेच. ते माझ्याशेजारी बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, दादा असता तर काय म्हणाला असता?"

"म्हणाले असते, जगात चांगली माणसं आहेत. आणि मी त्यांना म्हटलं असतं, मग त्या चांगल्या माणसांनी लिहून द्यावं."

शेवटी आतून एक साहेब आले, टाय लावलेले. "आजी, काय प्रॉब्लेम आहे?"

"पहिला प्रॉब्लेम, मी तुमची आजी नाही. दुसरा, माझे पैसे घ्या आणि पूर्ण फेड झाली असं लिहून द्या."

ते हसले. "अहो, लोक इथे माफ करा म्हणून येतात."

"मला तुमची माफी नको. तुम्ही माफ करता आणि माझ्या नावावर लिहून ठेवता. अशी माफी आमच्याकडे सासूसुद्धा करत नाही."

रांगेतली ती रडणारी बाई फिस्सकन हसली. साहेबही हसले, पण या वेळेला जरा वेगळं. म्हणाले, वरून परवानगी काढावी लागेल, आठवड्याने या. मी म्हटलं, येते, पण आता अर्ज लिहून देते आणि त्याची पोच घेतल्याशिवाय उठत नाही. अर्ज मराठीत लिहिला. काउंटरवरचा पोरगा शिक्का शोधत राहिला. शिक्क्याची शाई वाळलेली. त्यावर फुंकर मारून मारून उमटवला एकदाचा.

तशा तीन फेऱ्या झाल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा परवानगी आलेली पण रक्कम चुकीची. भाऊजी प्रत्येक वेळी आले, हे सांगायला पाहिजे. तिसऱ्या वेळी तर तेच काउंटरवर भांडले, "अहो, पैसे देतोय, मागत नाही!" मला फार बरं वाटलं. पैसे भरले, पत्र मिळालं. पत्र मी तिथेच उभी राहून अक्षर अक्षर लावून वाचलं. या वेळी गॅसवर काही नव्हतं.

वाटलं, झालं. कसलं झालं! महिना उलटला, रिपोर्ट बघितला, तिथे 'सेटल्ड' ते 'सेटल्ड'. मग मी तक्रार टाकली. स्वतः, मोबाइलवरून. पत्राचा फोटो तीन वेळा अंधारा आला, चौथ्यांदा गच्चीत उन्हात जाऊन काढला, पापड वाळत घातलेले तिथेच. मुलगा म्हणाला, मी करून देतो ना. नाही म्हटलं. कुठलं बटण दाबलं की काय होतं ते मला कळायला पाहिजे. पुन्हा कोणी कागद आत पाठवला तर?

होळीला थोडे दिवस राहिले होते तेव्हा 'क्लोज्ड' आलं. आकडा काही एकदम वर उडाला नाही. लाल कमानीतून निघून पिवळ्यात गेला, बस. बँकेतल्या त्या मुलीने बघितलं आणि पहिल्यांदा मोकळी हसली. "काकू, तुम्ही खरंच भरलेत? मी साहेबांना सांगते." साहेबांनी केस बघितली आणि कर्ज मंजूर केलं. फक्त एक अट.

जामीन पाहिजे.

मी खुर्चीतच मागे टेकले. आक्कांनी सामान बांधायला घेतलेलं, मशीन बघायला माजिवड्याचा माणूस दोनदा येऊन गेलेला, आणि मला कोणाच्या तरी गॅसजवळ कागद घेऊन जायचं होतं. भाऊजी म्हणाले, मी राहतो. त्यांचं नाव अजून चालण्यासारखं नव्हतं. मुलाला मी सांगितलंच नाही. तर जाऊबाई स्वतःच आल्या, शाळेतून परस्पर, पगाराची पावती पर्समध्ये घालून. बँकेत बसल्या आणि पेन उचललं. "कुठे सही करू, ताई?"

मी पेन काढून घेतलं. मुलीला म्हटलं, "हिला मराठीतून सांगा. सगळं. मधलं काही गाळायचं नाही."

मुलीने एक एक पान सांगितलं. वेळ लागला, मागे लोक कुरकुरत होते, कुरकुरू देत. जाऊबाईंनी विचारलं, "ताईंनी नाही भरले तर?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मीच म्हटलं, "तर तुझ्याकडून घेतील. आणि तुझं नाव खराब होईल. माझं झालेलं तसं. मी मेले तरी होईल. नको वाटत असेल तर आत्ता नाही म्हण, आपण दोघी बाहेर जाऊन उसाचा रस पिऊ. बाटली तरीपण भरून देईन."

जाऊबाई विचार करत राहिल्या. घरात आल्यापासून या बाईला मी एवढा वेळ स्वतःचा विचार करताना बघितलं नव्हतं. मग त्या मुलीला म्हणाल्या, "हप्ता भरला की नाही याचा मेसेज माझ्या मोबाइलवर पण यायला पाहिजे. दर महिन्याला. ते होतं का?"

मुलगी म्हणाली, विचारून सांगते. आत जाऊन आली. होतं म्हणाली.

"मग आण पेन," जाऊबाई म्हणाल्या.

मला एवढी वर्षं हे एक वाक्य सुचलं नव्हतं.

आक्का पालखीच्या आधी गावी गेल्या, चावी माझ्या हातात देऊन. पाटीवर आता माझं नाव आहे, पूर्ण, मोठ्या अक्षरात. रंगाऱ्याने विचारलं, लाल रंगात करू? मी म्हटलं, लाल सोडून कुठलाही कर. हिरव्यात केलंय.

आणि पहिल्याच दिवशी, डंख धाडधाड चालू, मिरचीचा खाट उठलेला, रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून उभ्या, एवढ्यात दारात भाऊजी. हातात बॉक्स.

"वहिनी, पेढे!"

"परत न्या, भाऊजी."

"अहो, आता तर चांगलंच झालंय—" पुढे बोलताच येईना. शिंका. एकामागून एक. बॉक्स छातीशी धरून माणूस शिंकतोय.

"कर्ज घेतलं की पेढे नाही. फिटलं की पेढे. शेवटचा हप्ता भरला, कागदावर 'क्लोज्ड' लिहून आलं आणि तुमच्या बायकोच्या मोबाइलवर मेसेज वाजला, की मी स्वतः आणीन. देवापुढे ठेवीन. तुम्हाला पहिला."

"तोपर्यंत हे काय करू?"

"घरी न्या. आणि जाताना ती बाटली घेऊन जा, भरून ठेवलीये. काठोकाठ."